उसना पिचर

११ जून, मंगळवार

पाटी माझ्या हातात आली! पाटी म्हणजे तिच्यावरची नावं. आमच्या गावच्या बेसबॉल संघाला, वेलर्सबर्गच्या लार्क्सना, यंदा शंभर वर्षं होतात. मैदानाच्या डाव्या कुंपणावर, मक्याच्या शेताकडे पाठ करून, मोठी पाटी लागणार. शंभर वर्षांतले सर्वोत्तम नऊ खेळाडू आणि एक मॅनेजर.

निवडणारे तिघे. कॅफेवाली मार्लिस, आत्ताचा मॅनेजर डेरेक आणि मी. मला घेतलं ते माझ्या अकलेसाठी नाही, वह्यांसाठी. माझी थोरली बहीण रोझेला बेचाळीस वर्षं संघाची स्कोअरची वही लिहायची. जानेवारीत ती गेली, आणि सगळ्या वह्या माझ्या तळघरात आल्या.

वहीत असेल तेच धरणार. नातं नाही, गोतं नाही, कॅफेतल्या गप्पा नाहीत. इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरायची सोय राहणार नाही.

१३ जून, गुरुवार

सकाळपासून तळघरात. वह्यांना बडीशेपेच्या लोणच्याचा वास लागलाय. रोझेला असती तर बरण्या बाहेर काढायला लावल्या असत्या.

कॅचर ठरला — एल्मर श्वांट्झ. गुडघे गेल्यावरही तीन वर्षं चेंडू झेलायला उकिडवा बसला, उठताना अंपायरच्या खांद्याला धरून उठायचा. शॉर्टस्टॉपला, जिथे सगळ्यात जास्त चेंडू येतात, कॉर्नी वाल्डहाउझर. हा खाटीक, डाव्या हाताची दोन बोटं कमी, आणि एका आख्ख्या हंगामात तीनच चुका! मार्लिस म्हणते, ‘कॉर्नीपेक्षा त्याचा भाऊ देखणा होता.’ म्हटलं, बाई, पाटीवर नावं यायचीत, थोबाडं नव्हे.

१६ जून, रविवार

सामना जिंकलो. मार्लिसचा नातू कोल्बी पिचर होता, चेंडू टाकायला. बावीस वर्षांचा, दूध डेअरीत कामाला. चेंडू असा सुसाट की कॅचरच्या ग्लोव्हचा आवाज चर्चपर्यंत जातो. यंदा सहापैकी सहा जिंकलाय. सामन्यानंतर त्याला म्हणालो, ‘वाईट नाही.’ पोरगं लाजलं. आमच्याकडे याच्या वरची शाबासकी नाही.

वही आता डेरेक मोबाइलवर लिहितो. रोझेलाची खुर्ची अजून जागेवर आहे, कुणी बसत नाही.

२० जून, गुरुवार

पहिली बैठक, मार्लिसच्या कॅफेत. आठ जागा पाऊण तासात उरकल्या. पिचरवर गाडी अडकली.

मी काही बोलणार नव्हतो. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव काय घ्यायचं? पण वही बोलते ना! एकवीस हंगाम, एकशे त्रेचाळीस विजय — संघाच्या इतिहासात जवळपासही कुणी नाही. मी फक्त आकडा वाचला आणि कॉफीत साखर ढवळत बसलो.

डेरेक शाळामास्तर. खाकरला. ‘आणि एकाहत्तर सालाचं काय, ऑगी?’

आलं! मला माहीतच होतं. संघाने राज्याचं अजिंक्यपद एकदाच आणलं, १९७१ला, आणि अंतिम सामन्यात चेंडू टाकले लॅडी प्रिबिलने. तो आमचा नाहीच. नऊ मैलांवरच्या न्यू होलबचा, आमच्या जन्माच्या वैऱ्यांचा. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या संघाला आसपासच्या हरलेल्या गावांचे पिचर उसने घेता येतात, असा इथला नियम आहे. त्या वर्षी आम्ही एकच घेतला. हा.

‘तो उसना होता,’ मी म्हणालो. ‘दोन दिवस आमची जर्सी घातली. शेजाऱ्याकडून आणलेली शिडी काय आपल्या घरची म्हणून दाखवायची?’

मार्लिस हसली. ‘पण छप्पर त्याच शिडीवरून शाकारलंत ना?’

बैठक तहकूब.

२१ जून, शुक्रवार

झोप नीट नाही. ह्यूबर आठवत राहिला. फ्लोरियन ह्यूबर, तेव्हाचा मॅनेजर. ‘रविवारी फायनल तुझी, ऑगी,’ हा त्याचा शब्द होता. आणि रविवारी सकाळी माझ्याकडे न बघता चेंडू प्रिबिलच्या हातात दिला, आदल्याच दिवशी उपांत्य सामना टाकलेल्या माणसाच्या! मी पंचवीस वर्षांचा. नऊच्या नऊ इनिंग बाकावर बसून काढल्या. त्यानंतर ह्यूबरशी कामापुरतं बोललो. तो गेला तेव्हा त्याच्या मुलाने शवपेटीला खांदा द्यायला बोलावलं, तर पाठ धरल्याचं सांगितलं. पाठ ठणठणीत होती.

सर्वोत्तम मॅनेजर म्हणून ह्यूबर? मी जिवंत असेतो नाही.

२२ जून, शनिवार

एकाहत्तरची वही काढली. रोझेलाचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, खाडाखोड नाही. पण एक विचित्र गोष्ट. माझ्या नावासमोर समासात बारीक पेन्सिलचे ठिपके. जुलैपर्यंत काहीच नाही. ऑगस्टच्या पहिल्या सामन्याला चार. विभागाच्या अंतिम सामन्याला नऊ. राज्य स्पर्धेच्या पहिल्या सामन्याला एकतीस! दुसऱ्या कुणाच्या नावासमोर एकही नाही. आधीच्या आणि पुढच्या वह्या चाळल्या, कुठेच नाही.

मार्लिसला फोन केला. ‘कॉफीचे शिंतोडे असतील रे.’

माझ्यावरच बरे उडाले?

२७ जून, गुरुवार

ठिपके म्हणजे माझे फुकट गेलेले चेंडू असावेत. जुळवून पाहिलं, जुळत नाही. मग काय, शिव्या? मैदानावर मी शिव्या द्यायचो खऱ्या, पण एकतीस नाही.

मेलेल्या बहिणीवर रागावलो आज. सांगायचं होतंस की काय ते, बये.

४ जुलै, गुरुवार

वादळाचा भोंगा. स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक नाही, सामना नाही. तळघरात मी, वह्या आणि लोणचं.

९ जुलै, मंगळवार

दुसरी बैठक. पूर्ण तयारीने गेलो, कागदावर मुद्दे काढून. एक : एकशे त्रेचाळीस विरुद्ध दोन. दोन : संघ म्हणजे बर्फ पडण्याआधी कुंपणाला रंग देणारा, वसंतात दगड वेचणारा, पाहुणा नव्हे. तीन : उसन्या पिचरने जर्सी धुऊन परत द्यायची, ही इथली रीत. प्रिबिलने सतरा नंबरची जर्सी आजतागायत परत केलेली नाही!

तिसरा मुद्दा मार्लिसला पटला. ‘जर्सी परत नाही केली? हे मला माहीतच नव्हतं. मग नाही म्हणजे नाहीच!’ डेरेक मात्र ढिम्म हलेना. ‘ऑगी, एकदा त्यांना भेटून या. माणूस जिवंत आहे. मग तुम्ही म्हणाल तसं.’

रविवारी जातो. जर्सी घेऊनच येतो. एकदाचा सोक्षमोक्ष!

१४ जुलै, रविवार

जमेल तसं सगळं लिहितो.

चर्च सुटल्यावर गेलो. प्रिबिल ओसरीवर बसलेला, ब्याऐंशीचा, कान शाबूत. मला गाडीतून उतरताना पाहून म्हणाला, ‘त्रेपन्न वर्षं लागली तुला नऊ मैल यायला!’

‘जर्सी न्यायला आलोय,’ मी म्हणालो. थट्टेत म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज कडक आला.

तो उठला, आत कपाटाशी गेला. जर्सी वरच्या फळीवर. उजवा हात उचलला तो खांद्यापर्यंतच. तिथेच थांबला. ‘लिबी, काढ गं जरा.’ बायकोने काढून दिली. घडी घातलेली, इस्त्रीची.

‘हाताला काय झालं?’

‘काही नाही. बहात्तरच्या वसंतापासून वर जात नाही.’

‘बहात्तर? म्हणजे तू त्यानंतर —’

‘एकही सामना नाही. दोन दिवसांत अठरा इनिंग टाकल्या, दुसरं काय होणार? एकोणतिसावं होतं मला, घरी चाळीस गाई. दूध काढायला हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही.’ आणि हसला! लिबीने खसखशीच्या कोलाच्या, त्यांच्याकडचे गोड पाव, आणून ठेवल्या. मी एक उचलली आणि हातातच धरून बसलो.

मग म्हणालो, ‘ह्यूबरने अन्याय केला. माझ्यावरही आणि तुझ्यावरही. तो सामना माझा होता.’

प्रिबिल माझ्याकडे बघतच राहिला. ‘तुला तिने सांगितलंच नाही? शेवटपर्यंत?’

‘कुणी?’

‘तुझ्या बहिणीने. फायनलच्या सकाळी वही काखेत मारून सरळ आमच्या बाकापाशी आली. तेव्हा बायका तिथे यायच्या नाहीत. ह्यूबर म्हणाला, बाई, बाहेर. ती म्हणाली, आधी हे बघा. समासात ठिपके होते. म्हणाली, तो चेंडू टाकून झाल्यावर कोपर चोळतो, कुणाला कळू नये म्हणून पाठ फिरवून चोळतो. परवा एकतीस वेळा. आज टाकला तर पुन्हा कधी टाकणार नाही. ह्यूबरने विचारलं, बहीण म्हणून सांगतेस? ती म्हणाली, नाही, वही लिहिणारी म्हणून. बहीण म्हणून मी त्याला फायनल खेळू दिली असती.’

कोलाची खाली ठेवली.

‘मी तिथेच होतो, बूट बांधत. म्हटलं, द्या इकडे चेंडू. कुणाचा तरी हात जाणारच होता.’ मग म्हणाला, ‘तिने आम्हा दोघांकडून वचन घेतलं, त्याला माझं नाव सांगू नका. राग तुमच्यावर काढू दे. ह्यूबरने पाळलं बिचाऱ्याने. ती गेल्याचं पेपरात वाचलं. आता वचन कुणाशी पाळू?’

जर्सी माझ्यापुढे केली. ‘तेव्हाच आणली होती धुऊन. ह्यूबर घेईना. म्हणाला, हात दिलास, शर्ट तरी ठेव.’

मी घेतली नाही. निघताना तो ओसरीवरून ओरडला, ‘तसा तू वाईट नव्हतास, ऑगी!’

अर्ध्या वाटेत गाडी मक्याच्या कडेला लावली आणि रडलो. अठ्ठ्याहत्तरीला! दोनच गाड्या गेल्या. दोन्ही थांबल्या, पेट्रोल संपलं का विचारायला.

१५ जुलै, सोमवार

कोपर दुखत होतं. आज इथे लिहितो, कधीच कुणाला म्हणालो नव्हतो. चमचा धरता येत नव्हता. तिच्यासमोरच डाव्या हाताने सूप प्यायलो होतो आणि म्हणालो होतो, सराव करतोय.

आकडे पुन्हा मांडले. एकाहत्तरपर्यंत माझे विजय एकेचाळीस. त्यानंतर एकशे दोन. ज्या एकशे त्रेचाळीसची मी गावभर टिमकी वाजवतो, त्यातले एकशे दोन त्या ठिपक्यांतून आलेत. आणि प्रिबिलच्या खांद्यातून.

बावन्न वर्षं दर रविवारी तिच्याकडे जेवलो, आणि ह्यूबरला शिव्या घालत जेवलो. ती बटाटे वाढत राहिली. म्हणायची, ‘पुरे आता, ऑगी.’ मला वाटायचं, कंटाळली.

१८ जुलै, गुरुवार

शेवटची बैठक. पिचरच्या पुढे मी लिहिलं — लॅडी प्रिबिल. मॅनेजर — फ्लोरियन ह्यूबर.

मार्लिस भडकली. ‘अरे, तो आपला नाही! दोन विजय! जर्सी परत केली नाही! तूच सांगितलंस ना?’ माझे तिन्ही मुद्दे, त्याच क्रमाने. मी इतके चांगले मांडले होते, याचा पहिल्यांदाच पस्तावा झाला.

‘वहीप्रमाणे,’ मी म्हणालो.

‘कुठल्या वहीत आहे?’

‘समासात.’

दोन विरुद्ध एक. मार्लिसने रागाने माझी ॲपल पायची बशी उचलून नेली. अर्धी खाऊन झाली होती.

मग ह्यूबरच्या कबरीवर गेलो. गवत उपटलं थोडं.

२८ जुलै, रविवार

पाटी लागली. प्रिबिल आला, सतरा नंबर घालून. न्यू होलबविरुद्धच सामना. वही लिहायचं काम आज मी मागून घेतलं आणि रोझेलाच्या खुर्चीवर बसलो.

कोल्बी पिचर. पाचव्या इनिंगमध्ये पाठ फिरवून त्याने कोपर चोळलं. मी समासात ठिपका दिला. सहावी संपली तेव्हा एकोणीस झाले होते. आम्ही एका धावेने पुढे, आणि मागे ओरडून ओरडून मार्लिसचा घसा बसलेला.

खेळाडूंचा क्रम विचारायच्या निमित्ताने डेरेककडे गेलो, वही उघडून दाखवली. त्याने कोल्बीला बाहेर बसवलं. कोल्बीने ग्लोव्ह बाकावर आपटला, मार्लिसने सगळ्या गावासमोर डेरेकचा उद्धार केला, आणि सामना आम्ही हरलो. मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

डेरेकला एवढंच म्हणालो होतो — त्याला माझं नाव सांगू नकोस.