उलट्या सिंहांचा रुपया

नृसिंहवाडी,
८ जून २०२५

चि. सौ. अरुणास,
जय जिनेंद्र व अनेक आशीर्वाद.

सोबतचं कात्रण आधी वाच. फोटोत पुष्पगुच्छ घेऊन उभा आहे तो विजयसिंह, तुमच्या गल्लीतला, नाणेमंडळाचा अध्यक्ष. खाली छापलंय की त्याला सुट्ट्या पैशांत एक दुर्मीळ रुपया सापडला. एका बाजूला सिंह नेहमीसारखे, दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे आणि आत दबलेले. अरुणा, तो रुपया माझा हाय.

एस.टी.त एकतीस वर्षं तिकिटं फाडली. बॅग मोकळी करताना वेगळं नाणं दिसलं की पदरचं चांगलं नाणं टाकून ते काढून घरच्या डब्यात ठेवायचो. नकाशा असलेले दोन रुपये, नेपाळचं एखादं, छाप सरकलेले आठ आणे. पण सगळ्या डब्यात तसला रुपया एकच. कुरुंदवाडच्या बाजारादिवशी एका भाजीवालीनं दिलेला. तुझी आई तेव्हा दवाखान्यात होती. तिला दाखवला तर म्हणाली, टांकसाळीत पण कोणतरी डुलकी काढतंय की! एवढी हसली की नर्स आत आली. त्यानंतर तिला हसताना मी बघितलं न्हाय.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. तेव्हा हा विजयसिंह नाण्यांचा डबा बघायला आला. आमच्यात जेवला. रुपया हातात घेऊन म्हणाला, तात्या, खराब निघालेलं नाणं हाय, काय न्हाय ह्यात. आणि पुडी बांधून परत दिली. नीट दिसायला लागल्यावर सोडतो तर आत साधा रुपया. मीच कुठं हरवला म्हणून गप्प बसलो. वर्षभर स्वतःलाच शिव्या दिल्या.

त्याला माझा पत्ता तू दिला होतास. दोष देत न्हाय, आठवण करून देतो. मला पोलीस नको. त्याचं तोंड चारचौघांत काळं झालेलं पाहिजे. तुझा भाऊ अनेकांत मोबाईल घ्या म्हणून मागं लागलाय, पण असलं बोलणं कागदावरच बरं.

जावयांना नमस्कार. बापावर माया हाय तर उत्तर लवकर धाड.
तुझा तात्या


शिवाजी पेठ, कोल्हापूर,
२९ जून २०२५

ती. तात्यांना,
अरुणाचा सा. न. वि. वि.

कात्रण वाचलं आणि त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना दुधाऐवजी ताक दिलं. पत्ता मीच दिला होता. तीन आठवडे हेच डोक्यात आहे.

तुम्हाला ठाऊक नाही, विजयसिंह रोज सकाळी आमच्या दुकानात दूध न्यायला येतो. वहिनी, सुट्टे बघू की, म्हणत गल्ल्यात हात घालतो. वेगळं काही दिसलं की आपलं नाणं टाकून ते उचलतो. मला वाटायचं, तात्यांसारखाच नाद आहे. आता त्याचा हात गल्ल्यात दिसला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

मग ह्यांच्या मागं लागले. उद्यमनगरातल्या ह्यांच्या कारखान्यात प्रेस आहे. एक रुपया दुसऱ्यावर ठेवून दाबला तर वरच्याचे सिंह खालच्यावर उलटे उमटतील ना, म्हणून विचारलं. दोन दिवस नाहीच म्हणाले. नाण्याला हात लावणं गुन्हा आहे, हे तू मला करायला सांगतेस, म्हणून चिडले. तिसऱ्या दिवशी तुमचं पत्र त्यांच्या जेवणाच्या डब्यात ठेवलं. संध्याकाळी आले ते दाबलेला रुपया माझ्या हातात ठेवून आंघोळीला गेले.

मी तो कुणाला विकला नाही, दाखवलाही नाही. नुसता गल्ल्यात टाकला. आज सकाळी विजयसिंह आला. चाळता चाळता त्याचा हात थांबला. मला म्हणतो, वहिनी, हा टांकसाळीतनंच खराब निघालाय, कोण घेणार न्हाय तुमच्याकडनं. माझ्याकडं द्या, हा चांगला ठेवा. मी म्हटलं, बरं झालं बाई, तुम्ही होता म्हणून! दुधाच्या पिशव्या तिथंच विसरून गेला.

आमच्या आदितीचं कॉलेज सुरू झालं. डोळ्यांत थेंब घालत जा. आशीर्वादाची सावली असू द्या.
आपली अरुणा


नृसिंहवाडी,
६ जुलै २०२५

चि. सौ. अरुणास, आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. जावयांना सांग, असलं काम पुन्हा करायचं न्हाय. एकदा केलं ते झ्याक केलं. इथं नदीचं पाणी चढतंय, अनेकांत गुरं हलवायच्या गडबडीत हाय आणि मी दारात पोस्टमनची वाट बघत बसलोय. पुढचं लगेच कळव. त्याचं तोंड कसं झालं ते बारीकसारीक लिही, काटकसर करू नको.
तात्या


शिवाजी पेठ, कोल्हापूर,
२४ ऑगस्ट २०२५

ती. तात्यांना,
सा. न. वि. वि.

बारीकसारीक लिहिते.

गेल्या रविवारी मंडळाचं प्रदर्शन होतं. मी तिसऱ्या रांगेत बसले. काचेच्या पेटीत दोन रुपये शेजारी शेजारी, आपला खरा आणि ह्यांनी दाबलेला. खाली पाटी, अध्यक्षांना सुट्ट्या पैशांत सापडलेली जोडी. पुण्याहून आलेल्या एका जाणत्या बाईंनी भिंग लावलं. पहिला बघून मान डोलावली. दुसरा दोनदा फिरवला आणि माइकवरच म्हणाल्या की हा दाबून केलेला आहे, सिंहांच्या खाली एकचा आकडा अजून दिसतोय, आणि दुसरी बाजू चेपलीय. मागून कोणीतरी मोठ्यानं हसलं, मग सगळा हॉल. विजयसिंहाचे कान लाल, ओठ पांढरे. पाणी पिताना ग्लास दातांवर वाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन गर्दीत दुकानात आला. तुम्ही मला खोटं नाणं दिलं म्हणून ओरडायला लागला. गल्लीतली धोंडुबाई दही घ्यायला उभी होती. तिनं विचारलं, अरुणानं दिलं का तू गल्ल्यातनं काढलंस? आणि घेताना तिला काय सांगितलंस? मग मी त्याचंच बोलणं त्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं. कोण घेणार न्हाय वहिनी, माझ्याकडं द्या. लोक हसायला लागले. ते हसत असतानाच मी तुमच्या डोळ्यावरच्या पट्टीचं आणि बदललेल्या रुपयाचं सांगितलं. तेव्हा हसणं थांबलं. धोंडुबाई त्याच्या पायाजवळ थुंकली.

मंडळानं त्याला अध्यक्षपदावरून काढलंय. नृसिंहवाडीच्या त्या आजोबांनी माफ केल्याचं लेखी आणल्याशिवाय मंडळाची पायरी चढायची नाही, असं सांगितलंय म्हणे.

तात्या, खरं सांगू? मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. झोप छान लागली.

आपली माया आहेच, तिच्यावरच चाललंय.
अरुणा


नृसिंहवाडी,
९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अरुणास,
जय जिनेंद्र व अनेक आशीर्वाद.

काल आमची क्षमावाणी झाली. वर्षभराच्या चुकांची सगळ्यांनी सगळ्यांना क्षमा मागायची आणि द्यायची. मी पण देवळात लहानथोरांपुढं हात जोडून घरी आलो, तर दारात विजयसिंह. कोणीतरी त्याला सांगितलं असणार की आज हा म्हातारा न्हाय म्हणू शकत न्हाय.

खाली मान घालून पुटपुटला की चूक झाली. माझे कान अजून ठणठणीत हायेत. पण मी कानामागं हात लावला आणि म्हटलं, पावणं, ऐकू येत न्हाय, जरा मोठ्यानं. तो मोठ्यानं बोलला. मी म्हटलं, कसली चूक? तुमचा रुपया बदलला, म्हणाला. कवा? डोळ्याला पट्टी होती तवा. शेवटी तो एवढा ओरडत होता की समोरचे, शेजारचे, देवळातनं परतणारे सगळे अंगणात गोळा झाले. नऊ वेळा वदवून घेतलं, मी मोजत होतो.

मग त्यानं रुपया माझ्या हातात ठेवला. भिंगाखाली नीट तपासूनच घेतला. तोच होता. त्यानं खिशातनं टाइप केलेला कागद काढला, मिटलं म्हणून सही करा म्हणाला. सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. मी दोन्ही हात जोडून उत्तम क्षमा म्हटलं आणि कागद तसाच त्याला परत दिला. म्हटलं, क्षमा तोंडी दिली. लेखी मागू नको.

बहिरा असल्याचं सोंग घेतलं त्याची मी देवापुढं क्षमा मागितली. बाकी कशाची न्हाय.

पोरीसह सगळे सुखात राहा.
तुझा तात्या