आधी थाप, मंग दाब

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज घरात कंप्रेसर आला. मले वाटलं फ्रिजचा असंन, म्हणून कोपरा झाडून ठेवला. आलं काय, तर साबणाच्या डबीएवढं! वर तीन बटणं, अन् पायानं दाबायचा एक खटका. ह्या डबीनं आमच्या आल्हादची नोकरी वाचणार म्हणे.

आल्हाद माझा नातू. गोकुळच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवते. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार — गाण्याच्या खालून धुम धुम करत राहायचं. टाळ्या गाणारीले, शिट्ट्या ढोलवाल्याले, अन् हा मागं उभा, लाइटच्या खांबासारखा. तेवढंही याले जमंना. एक सूर जाड, एक बारीक. गोकुळनं बजावलं — उंद्रीच्या रिसेप्शनले असंच झालं तर घरी बस. कीबोर्डवाला डाव्या हातानं बास वाजवून घेईन. तेव्हापासून पोट्टं अर्धी पोळी खाऊन उठते.

त्यानंच हा जुना मोबाइल दिला. आपण बोलायचं, हा लिहिते. तारीख बी तोच टाकते. मले वाचता येत नाही, अन् घरात कोणाले माझं वाचायची फुरसत नाही. चांगलंच आहे! आता मनातलं मोकळं बोलता येईन. परसात, भिंतीच्या कडेले बसलं की कोणी नसते.

सुलभाच्या चहापासून सुरू करते. सून चांगली आहे, पण चहा असा करते की पातेलं विसळलं अन् कपात ओतलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

भिंतीपल्याडचा गुलाम रसूल सकाळीच सायकल घेऊन हजर. म्हणे, "भाभी, तुमच्या घरी कंप्रेसर आला. मागच्या चाकात हवा मारून द्या." मी त्याले डबी दाखवली. त्यानं उलटीपालटी करून पाह्यली, हवेची नळी कुठं बसते ते शोधलं. मंग म्हणे, लहान पोरांच्या सायकलचा असंन.

याले सांगतलं कोणी? सुलभाच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आज चहात आलं होतं. साखर बी. सूर्य कुठून उगवला देव जाणे.

गुलाम रसूलपेक्षा त्याच्या बकरीले जास्त अक्कल आहे. ती निदान चाक पाहून गप राह्यली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आल्हादले विचारलं, हे डबडं करते तरी काय? म्हणे, मोठा आवाज आला की दाबते अन् बारीक आला की वर उचलते. सगळं एका लेव्हलवर. अन् आत कॉम्प्युटर नाही, जुन्या पद्धतीचं आहे, म्हणून आवाज गोड.

लय कौतुक! जो मोठ्यानं बोलंन त्याले दाबा, जो कोपऱ्यात बसंन त्याले बोलतं करा — हे मी या घरात लग्न होऊन आल्यापासून करून राह्यली. मले तर वायर बी लागत नाही.

अन् हे पोट्टं माझ्याशी ओरडून काऊन बोलते? गाण्याबजावण्याच्या लोकाइचे कान लवकर जातात म्हणे. याचे गेले वाटते. बाकीच्याइचं उलटं. उद्धव, माझा सख्खा मुलगा, कचेरीत साहेबांपुढं पुटपुटून पुटपुटून घरात बी पुटपुटतेच. सुलभा अर्धे शब्द गिळते. दारावरची घंटी बिघडली, कोणी दुरुस्त करत नाही. कुकरले बी आजकाल शिट्टी होत नाही. आज वरण करपलं, अन् बोलणं मले बसलं. शिट्टी झालीच नाही तर मी काय गॅसले विचारू?

संध्याकाळी गुलाम रसूल भिंतीवरून म्हणे, "भाभी, बकरीनं सलाम सांगितला." आता मधीच बकरी कुठून आली? म्हातारा चळला.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज आल्हादनं डबी लावून वाजवलं. मी बाजेवर, पाय फरशीवर. खालचा धुमका तळव्यातून वर येते, त्याच्यापासून सुटका नाही.

आधीचं वाजवणं म्हणजे नव्या नवरीची भाकर — कडा जाड, मधी पातळ. मान्य. पण डबी लावल्यावर काय झालं? मशीनची पोळी! सगळी सारखी, गोल, अन् चव काही नाही. बोट तारेवर पडते तेव्हा जो एक ठोका असते, तोच मेला. सुरू कधी झाला अन् संपला कधी, पत्ता नाही. लांबलचक म्हशीचं हंबरणं.

अरे, भाकर थापतात तेव्हा आधी थाप ऐकू येते, मंग हात दाबत दाबत फिरते. आधी थाप, मंग दाब. हे डबडं आधीच मुंडी धरते. असं वाजवलं तर गोकुळ याले काढंन, अन् मी गोकुळले दोष देणार नाही. कीबोर्डचा डावा हात तरी बरा.

याच्यातलं एक अक्षर पोराले सांगतलं नाही. तोंड आधीच एवढंसं झालं त्याचं. म्हणून तुलेच सांगते, मोबाइलदादा. तू काही चुगली करत नाहीस.

८ फेब्रुवारी, रविवार

मनातलं ओळखते पोट्टं! आज बसल्या बसल्या बटण फिरवलं. म्हणे, "डबी जरा उशिरा दाबंन असं केलं, आजी. आधी थाप जाऊ देते." माझ्याच तोंडचा शब्द! मी म्हटलं, फार शिकला. पण ठोका परत आला, खोटं काऊन बोलू. म्हैस गेली.

अजून दाब जास्तच आहे. अर्धा केला तर सूर श्वास घेईन. पण ते त्याले कोण सांगणार? मी तर नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

दाब अर्धा केला त्यानं. रक्त आहे माझं, दुसरं काय!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल उंद्रीले गेलो, सगळे. नवरदेव सोफ्यावर असा बसला होता, जशी बस चुकली. जेवणात पनीर होतं — खोडरबर बरं.

आल्हादनं वाजवलं. एकेक ठोका छातीत येऊन बसे, ना जाड ना बारीक. मले काही कौतुक करायची सवय नाही, म्हणून एवढंच.

पण बाकीच्याइनं काय तमाशा केला! रेणुका म्हणून गाणारी आहे. शालू चमकते, हात हालते, तोंड उघडते — अन् आवाज नाही! नुसतं कुजबुज कुजबुज. लोक टाळ्या वाजवतात. अख्खं उंद्री फसलं.

कार्यक्रम संपल्यावर गोकुळ माझ्या पाया पडला. म्हणे, आल्हाद राहते, कीबोर्डवाल्याचा डावा हात आता रिकामाच. मी म्हटलं, ते ठीक आहे भाऊ, पण त्या बाईले पुढच्या वेळी गायले सांग. तोंड किती दिवस हालवणार?

रेणुका बाजूलेच उभी होती. कोणी हसलं नाही. आल्हाद माझ्यापुढं खाली बसला अन् मले विचारलं, "आजी, तुले रेणुकाचं काहीच ऐकू नाही आलं? फक्त माझंच आलं?"

"ती गाइली असती तर आलं असतं ना बे!"

उद्धवनं तोंड फिरवलं. येताना गाडीत सगळे चूप. निदान मले तसं वाटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बुलढाण्याले नेलं, कानाच्या डॉक्टरकडं. मले काही झालं नाही हे सगळ्या दवाखान्याले सांगतलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोप्या घातल्या, म्हणे आवाज आला की हात वर करा. आवाजच नाही तर हात कशाले? म्हशीसारखे दोनचार आले, तेव्हा केला.

तिथली पोरगी कागदावर लिहून राह्यली. मंग जवळ येऊन म्हणे, बारीक आवाज गेले, जाड तेवढे राह्यले. घंटी, शिट्टी, बायांचं बोलणं — सगळं बारकं. कानात मशीन घालावी लागंन.

मी म्हटलं, ते तरी काय करते? ती म्हणे, "मोठा आवाज आला तर दाबते, आजी. बारीक आला तर वर उचलते."

आल्हाद भिंतीकडं तोंड करून हसून राह्यला. खांदे दिसत होते ना मले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मशीन घातली. चिमण्या आहेत अजून गावात. मले वाटलं गेल्या.

कुकरच्या शिट्टीनं उडाली मी. मंग परसात येऊन, नेहमीसारखी बसून बोलायले लागली — अन् घाबरली. एवढ्या मोठ्यानं कोण ओरडून राह्यलं? इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मीच.

आवाज लगेच खाली घेतला. तर भिंतीपलीकडून गुलाम रसूल —

"भाभी, आज आवाज काऊन दाबला? रोजच्यासारखं बोला ना. सारे बसून राह्यले इकडं."