पाइपावरचा हिरवा रंग

अहो,

संध्याकाळचे साडेसहा झालेत. आण्णांना हुडहुडी भरली आहे. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजतायत आणि छाती दाटली आहे. मी त्यांना पिंपरीला मोठ्या दवाखान्यात नेते आहे. तुमचा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो, म्हणून ही चिठ्ठी वेल्डिंग मशीनवर चिकटवते.

सकाळी झोपाळ्याच्या पायाला तुम्ही जोडलात तो भंगारातला पाइप साधा लोखंडी नाही. चुंबक चिकटलं म्हणून तुम्ही लोखंड म्हणालात. आत्ता मी उरलेल्या तुकड्याचा हिरवा रंग खरवडला, तर आत पाण्याच्या पाइपावर असतो तसा जस्ताचा रुपेरी थर निघाला. जोडताना निघाला तो पांढरा धूर या जळलेल्या जस्ताचाच, आणि तोच आण्णांना बाधलाय. दार लावलेल्या गॅलरीत आण्णा पाइप धरून बसले होते. मी मास्क दिला, तर म्हणाले, "सूनबाई, पोरगं रोज ह्येच करतंय, मला काय व्हतंय?" तुम्हीही हसलात, आणि धूर उतरतो म्हणून त्यांना गुळाचा खडा दिलात. त्या गुळावर ते दुपारभर "बरं हाय" म्हणत राहिले.

डॉक्टरांना दाखवायला तो तुकडा सोबत घेतला आहे. तोच धूर तुम्हीही घेतलाय. अंग कसकसत असेल तर लपवू नका. आल्यावर झोपाळा बघत थांबू नका, सरळ तिकडे या.

रिक्षा खाली आली आहे. आण्णा आडवे व्हायला तयार नाहीत, बसूनच श्वास घेतायत.

तनुजा