ईशान्येच्या कोपऱ्यातलं भोक

प्रिय मालू,

काल संध्याकाळी तुझ्या शाळेची माणसं घरी आली होती, म्हणून हे लिहितोय. तू गेलीस त्या थंडीत पुष्कळांनी सांगितलं, मनातलं कागदावर उतरवा, बरं वाटेल. मी काही लिहिलं नाही. एकमेकांना पत्रं लिहायची सवय आपल्याला होती कुठे? एका घरात राहायचो, जे काय असेल ते भांडून मोकळे व्हायचो. पण काल जे ऐकलं ते सांगायला या घरात आता आहे कोण!

तुमच्या संस्थेचे कार्यवाह नानासाहेब आले होते. बरोबर नवीन मुख्याध्यापक आणि पेढ्यांचा खोका. नानासाहेब तुझ्या वेताच्या खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "वसंतराव, तोंड गोड करा. मालतीबाईंचं नाव आता शाळेत कायमचं राहणार!"

शाळेत कॉम्प्युटर येणार आहेत म्हणे. त्यांच्यासाठी गच्चीवर नवी खोली बांधायची, दाराशी संगमरवरी पाटी, पाटीवर तुझं नाव, आत तुझा हार घातलेला फोटो. मी विचारलं, गच्चीवर नेमकं कुठे? तर म्हणाले, सरस्वतीच्या देवळीच्या शेजारी. म्हणजे पाचवी 'ब'च्या डोक्यावर! मालू, तुझ्या त्याच पाचवी 'ब'च्या!

"आणि गच्चीवर साठतं त्या पाण्याचं काय?" मी म्हटलं.

"कसलं पाणी?" नानासाहेबांनी चेहरा असा केला की जणू हा शब्द ते पहिल्यांदाच ऐकत होते. हातातला पेढा मी तसाच बशीत ठेवला.

कसलं पाणी! मला शाळेतलं काय कळतंय? मी ठाण्याच्या बँकेत दिवसभर खुर्ची उबवणारा माणूस. पण ते पाणी मला तोंडपाठ आहे, कारण पावसाळ्यात आपल्या घरी जेवताना दुसरा विषयच नसायचा. शाळेची इमारत बांधली तेव्हा गच्चीचा उतार ईशान्येकडे काढला आणि पाणी जायचं भोक त्याच कोपऱ्यात ठेवलं. पुढे कोण्या देणगीदाराने संगमरवरी देवळीसकट सरस्वती दिली. देवाची जागा कोणती? ईशान्य! झालं, चांगला मुहूर्त बघून देवळी बसवली, थेट त्या भोकाच्या तोंडावर. एवढी शिकलेली मंडळी त्या दिवशी गच्चीवर हजर होती, अक्षता टाकत होती. एकालाही वाटू नये, की अरे, आता पाणी कुठून जाणार?

तुला वाटलं. तू तिथल्या तिथे बोललीस, तर पूजेला आलेल्या गुरुजींनी सांगितलं, प्राणप्रतिष्ठा झाली, आता हलवता येत नाही. तेव्हाचे अध्यक्ष हसून म्हणाले, "बाई, तुम्ही विज्ञान शिकवता, श्रद्धेचं आम्ही बघतो."

तू कळव्याहून मिस्त्री आणलास. तो म्हणाला, देवी राहू दे तिथेच, कठड्याच्या दुसऱ्या अंगाला नवीन भोक पाडून पाइप सोडतो, लहानसं काम आहे. तू खूश होऊन कार्यकारिणीसमोर गेलीस. किती वर्षं गेलीस गं? दर वेळी तेच उत्तर, "पुढच्या मीटिंगला घेऊ." का, तर दर्शनी भिंतीवर पाइप वाईट दिसेल! आणि त्या पाइपला कुणाच्या आईवडिलांचं नाव देणार? खोलीला देणगीदार मिळतो, कमानीला मिळतो, पिण्याच्या पाण्याच्या टाकीलासुद्धा मिळतो. गच्ची झाडायला, पाइप साफ करायला कुणी मेलेल्या बापाची आठवण काढत नाही.

आणि मग तुझं ते मे महिन्यातलं खूळ! लोक गावी जायचे, आंबे खायचे, आणि माझी बायको शाळेच्या गच्चीवर खराटा घेऊन उभी. देवळीच्या कडेने बोटभर फट उरली होती, तेवढ्यातूनच काय ते पाणी जायचं. त्या फटीतही निर्माल्य! रोजचे हार, नारळाच्या शेंड्या, उदबत्तीच्या काड्या. पायदळी नको म्हणून शिपाई सगळं देवळीच्या मागे सारायचा, कधीतरी खाडीत सोडू म्हणून. ते कुजलेलं काळं लिबलिबीत निर्माल्य तू हाताने उपसायचीस आणि पिशव्या भरून खाडीवर न्यायचीस. घरी आलीस की साबणाने हात धुतलेस तरी वास जायचा नाही. मी चिडायचो. तू म्हणायचीस, "अहो, छत गळायच्या आधी बघायचं असतं. गळायला लागल्यावर काय, कुणीही बघतं."

कुणीही बघतं? मालू, तुझा हा भोळेपणा मला कधी समजला नाही. गळायला लागल्यावर तरी कोणी बघितलं? पाचवी 'ब'च्या छताला ओल आली, मुलं तिला हत्ती म्हणायची. इन्स्पेक्शन आलं की हत्तीवर चुना. गणपती होईस्तोवर हत्ती परत हजर, सोंड लांबलेली. पुन्हा चुना. साहेब आले, चहा घेतला, "वा, शाळा कशी टापटीप!" म्हणून शेरा मारून गेले. मान वर करायला त्यांची मान दुखत होती का?

जाळी काढायच्या काठीने तू छत ठोकून बघायचीस. मग एका पावसाळ्यात मला म्हणालीस, "अहो, सगळीकडे पोकळ वाजतंय." दुसऱ्या दिवशी तू वर्गाला कुलूप घातलंस, किल्ली पर्समध्ये टाकलीस आणि पाचवी 'ब' व्हरांड्यात बसवलीस.

केवढा गहजब! शाळेच्या वर्धापनदिनाला पाहुणे येणार आणि मुलं व्हरांड्यात? शाळेची शोभा होईल! नानासाहेबांनी तुला ऑफिसात बोलावून किल्ली मागितली. तू दिली नाहीस. तुझा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, तेव्हाही चढला नसणार. पालकही उखडले. कोपरच्या कोळीवाड्यातली हिराबाई, त्या वर्गातल्या चंदाची आई, मासळीची पाटी खाली ठेवून भर व्हरांड्यात तुला जाब विचारू लागली, "बाई, माजी पोर वर्गान कनाला नाय बसवत? तिला बाहेर कनाला काढलीव?" तू तिला दार उघडून छत दाखवलंस. तरी ती फणकाऱ्यातच गेली. तिचं काय चुकलं? शाळेतल्या साहेबांना दिसत नव्हतं ते तिला एका नजरेत कसं दिसावं?

आणि मग त्याच आठवड्यात, गणिताच्या तासाला, बंद दाराआड छताचा खालचा अख्खा थर कोसळला. गंजलेल्या सळ्या उघड्या, बाकं मोडलेली, धुरळा दाराखालून व्हरांड्यात. मुलं तुझ्याभोवती गोळा झालेली. चंदाचं बाक तर ओळखूही येत नव्हतं. आत ती मुलं असती तर?

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून तुझ्याबरोबर शाळेत आलो. मला वाटलं, आता तरी कोणी तुला दोन शब्द बोलेल. आणि आपण काय बघितलं? अख्खी कार्यकारिणी गच्चीवर! हातात नारळ! नानासाहेब गहिवरून सांगत होते, "आईची कृपा! आईनेच लेकरं वाचवली!" त्या साचलेल्या पाण्यात चपला काढून उभे राहून सांगत होते. त्यांच्या घोट्याला लागत होतं ते पाणी, तरी कळू नये!

बोलली ती एकटी हिराबाई. चंदाला कडेशी धरून कठड्यापाशी उभी होती. "देवीनं नाय, बाईंनी वाचवली माजे पोरीला," ती मोठ्याने म्हणाली. "देवी त सोताच पान्यान बसलीय." सगळे तिच्याकडे असे बघायला लागले, जणू हिनेच छत पाडलंय.

आणि पुढचं तर त्याहून वरताण. त्यांनी ठराव केला, दरवर्षी त्या दिवशी देवीला अभिषेक करायचा. अभिषेक! पाण्याने छत पडलं, तर यांनी त्याच छतावर कळशीने पाणी ओतायचा संकल्प सोडला, वर दूध आणि मध! नवीन भोक पाडायचं? ते पुढच्या मीटिंगला. खालून प्लास्टर केलं, चुना मारला, वर्ग चालू.

आणि तू काय केलंस? हात जोडलेस! प्रसाद घेतलास! घरी येताना मी रस्ताभर बडबडत होतो आणि तू म्हणालीस, "जाऊ द्या हो, मुलं वाचली ना." मालू, याचाच मला राग आहे. का जाऊ द्या? तू एकदा, फक्त एकदा त्या गच्चीवर ओरडली असतीस तर? तू हसून सोडून दिलंस, म्हणून ते काल पेढे घेऊन माझ्या दारात येऊ शकले. तुला माहीत होतं ना गं ही माणसं कशी आहेत?

असो. काल त्यांनी फोटो मागितला. मी आतून आणून दिला, सहावीतल्या कुठल्याशा मुलाने वडिलांच्या कॅमेऱ्याने काढलेला. पदर खोचलेला, हातात खराटा, कपाळावर काळा ओघळ, मागे देवळी आणि निर्माल्याचा ढीग. तू त्यात कसली हसतेयस!

मुख्याध्यापकांनी तो बघितला आणि नानासाहेबांकडे सरकवला. नानासाहेब म्हणाले, "दुसरा नाही का? जरा बरा? शालूतला वगैरे?"

"हाच आहे," मी म्हटलं. "आणि आधी पाण्याला वाट करा. नवीन भोक, नवीन पाइप, छताची नीट दुरुस्ती. ते झाल्याशिवाय तिथे एक वीटही चढवू नका. आणि चढवलीत तर तिच्यावर मालतीचं नाव घालायचं नाही. हिराबाईला आणि पाचवी 'ब'च्या सगळ्या पालकांना घेऊन उद्घाटनाला येईन आणि पाहुण्यांसमोर हे सगळं सांगेन."

नानासाहेब उठले. दारात चपला घालताना थंडपणे म्हणाले, "बाई असत्या तर त्यांनी असा हट्ट धरला नसता, वसंतराव."

खरं आहे ते. तू धरला नसतास. तू त्यांना चहा विचारला असतास आणि मे महिन्यात पुन्हा खराटा घेऊन गेली असतीस. म्हणून तर मला धरायला हवा. ते गेल्यावर मी पेढ्यांचा खोका खालच्या वॉचमनला देऊन टाकला आणि तुझा फोटो परत कपाटात, तुझ्या साड्यांच्या घडीत ठेवला.

मालू, तुला शब्द देतो. ते भोक मोकळं होत नाही तोवर तुझं नाव त्या भिंतीवर लागणार नाही. आणि तोवर दर मे महिन्यात त्या गच्चीवर मी जाईन. काल रात्री माळ्यावरून तुझा खराटा काढून ठेवलाय. देवळीच्या मागचं निर्माल्य उपसेन, पिशव्या खाडीवर नेईन आणि घरी येऊन साबणाने हात धुईन. वास जायचा नाही, माहीत आहे. या वेळी मी कुरकुर करणार नाही. पण तिथे कुणी हातावर प्रसाद ठेवायला आलं, तर तुझ्यासारखा हात पुढे करणार नाही, एवढं मात्र मला माफ कर.

तुझाच,
वसंता