घडीतलं वाचन

॥ श्री ॥
सातारा, ता. १८ जून १९४५

ती. अण्णास,
गुणमालेचा सा. न. वि. वि. आणि जयजिनेंद्र.

तू पत्र पाठवत नाहीस म्हणून मीच लिहिते आहे, म्हणजे तुला सबब उरणार नाही. मी खुशाल आहे. सासूबाई बोलायला कडक, पण पानात वाढायला सढळ आहेत. थोरल्या जाऊबाई, विजयमालाअक्का, माझ्याशी मायेनं वागतात. थोरले दीर जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून अक्का घरात इतक्या जपून वावरतात, की आहेत की नाहीत ते कळत नाही. हे सकाळी कापडाच्या दुकानात जातात आणि रेशनच्या कापडावरून झालेली सगळी भांडणं रात्री जेवताना मला ऐकवतात.

आता मुख्य गोष्ट. मुलगा बघायला तू इथं येऊन गेलास आणि आईला सांगितलंस की घरात काचेचं कपाट पुस्तकांनी गच्च भरलेलं आहे, गुणी तिथं रमेल. तेवढ्यावर मी कोल्हापूरच्या वकिलाला नकार दिला, हे तुला ठाऊक आहे. लग्नाच्या गडबडीतसुद्धा माझा बेत ठरला होता: पुढच्या अक्षय्यतृतीयेच्या आत सगळं कपाट वाचून काढायचं. आधी कादंबऱ्या, मग प्रवासवर्णनं. चरित्रं पर्युषणाच्या उपासात, कारण ती वाचताना भूक लागत नाही.

परवा कपाट उघडलं. अण्णा, एकाही पुस्तकाच्या घड्या कापलेल्या नाहीत! छापखान्यातून पानं जशी एकमेकांना जोडलेली आली तशीच आहेत, सुरी लागलेलीच नाही. पहिल्या पानावर ह्यांचं नाव मात्र झोकात: भूपाल अमुक तमुक, सातारा. ह्यांना विचारलं की सगळ्यांत आवडलेलं कुठलं, तर म्हणाले सगळीच चांगली आहेत. पुन्हा विचारलं, तर म्हणाले ते लाल पुठ्ठ्याचं. ते लाल पुठ्ठ्याचं पुस्तक गुरांच्या रोगांवर आहे.

न वाचणारा माणूस एवढी पुस्तकं का घेतो? मला काहीच सुधरत नाही. तुला काही कळलं तर कळव.

माया होती तेवढीच ठेव, परक्या घरी गेले म्हणून त्यात काटछाट नको.
तुझी,
गुणमाला


॥ श्री ॥
सांगली, ता. २७ जून १९४५

चि. सौ. गुणमालेस,
धरणेंद्रचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, गुरांच्या रोगाचा भाग गाळून. तिला वाटतं जावई मोठे विद्वान आहेत. तिचा समज तसाच राहू दे.

कपाट मी पाहिलं ते काचेतून, आणि हातात शिऱ्याची बशी होती. सोयऱ्यांच्या घरी बशी खाली ठेवून पुस्तकं उघडून बघणारा माणूस तुला ठाऊक असला तर पुढच्या वेळी त्याला पाठव. शिवाय न वाचता पुस्तकं घेण्यात एवढं काय वाईट आहे? माझ्याकडं बघ. पाडव्याला मी वाचायची पुस्तकं ठरवली. त्यातलं पहिलंच, ते हिमालयाच्या प्रवासाचं, अजून उशाशी आहे. हळदीच्या सौद्यांतून घरी आलो की प्रवासी तंबू ठोकतो आणि मी झोपतो. अजून तो पायथ्याशीच आहे. गेल्या तीन महिन्यांत पूर्ण वाचलं असं एकच, नदीवरच्या नावाड्याची ती कादंबरी. ती मात्र इतकी आवडली की दुकानात बसून वाचली आणि गिऱ्हाईक परत गेलं. वडील अजून ते बोलून दाखवतात.

तू सुरी घे, घड्या काप आणि वाचायला लाग. कपाट कुणी भरलं ह्याच्याशी तुला काय करायचंय? भूपालरावांना फार प्रश्न विचारू नकोस, बिचारे पुढच्या वेळी निळ्या पुठ्ठ्याचं सांगतील.

पत्राची वाट बघतो. रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.
तुझा,
अण्णा


॥ श्री ॥
सातारा, ता. ६ ऑगस्ट १९४५

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून सुरी घेतली आणि माझा गोंधळ दुप्पट झाला.

दोन भावांच्या वाटणीची एक जाडजूड कादंबरी घेतली. थोडी पानं कापायची, तेवढी वाचायची, असा माझा क्रम. परवा अक्का तांदूळ निवडत होत्या आणि मी शेजारी बसून सहज म्हणाले, धाकटा भाऊ आता परत येतो की नाही कोण जाणे. अक्का मान खाली घालूनच म्हणाल्या, की येतो, पण थोरल्यानं बैल विकल्यावर येतो. आणि लगेच अशा गप्प झाल्या, जशी जीभ भाजली. मी पुढच्या घड्या कापल्या. अण्णा, धाकटा आला, आणि बैल विकल्यावरच आला.

ती पानं माझ्या सुरीआधी कुणी उघडलेली नव्हती. मग अक्कांना कसं कळलं? त्या वाचनालयात जात नाहीत. मंदिर सोडलं तर कुठंच जात नाहीत. सासूबाई उघड म्हणतात की विधवा बाईनं पुराण वाचावं, बाकीची पुस्तकं कशाला. कपाट त्यांच्या मते शोभेचं आहे, दुकानदाराच्या घरात बरं दिसतं.

आणखी ऐक. गेल्या आठवड्यात हे पुण्याहून माल घेऊन आले. दोन नवी पुस्तकं आणली. मला वाटलं, आता मला हाक मारतील. तर ती मुकाट्यानं कपाटात ठेवली, आणि जाता जाता माजघराकडं तोंड करून म्हणाले, की वहिनी, कपाटाची काच जरा पुसून घ्या. काच स्वच्छ होती. मीच सकाळी पुसली होती.

मला भलतंसलतं मनात आणायचं नाही. पण मन माझं ऐकत नाही. अक्का माझ्या पानात तूप वाढतात तेव्हा मला त्यांची माया वाटते आणि त्याच वेळी रागही येतो. असं दोन्ही एकदम होतं का रे कुणाला?

थट्टा करायची असली तर ह्या पत्राला उत्तर देऊ नकोस. जीव लावून लिहिणार असशील तर लगेच लिही.
तुझी,
गुणमाला


सांगली, ता. ११ ऑगस्ट १९४५

चि. सौ. गुणमालेस आशीर्वाद.

थट्टा करत नाही. मलाही काही उलगडत नाही. तर्क चार केले, चारही तुला लिहिण्यासारखे नाहीत आणि बहुतेक चारही चुकीचे आहेत. माझ्या मते तू सरळ भूपालरावांनाच विचार. श्रावणात आणायला येऊ का? आईला काही बोललो नाही.

सदैव तुझ्या पाठीशी असलेला,
अण्णा


॥ श्री ॥
सातारा, ता. २७ ऑगस्ट १९४५

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

सगळं कळलं, आणि कळून काही उपयोग झाला नाही.

शुक्रवारी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला होता. मी पापड काढायला माळ्यावर गेले. झरोक्याजवळ अक्का बसल्या होत्या. पुस्तक उभं धरलेलं, न कापलेली घडी दोन बोटांनी पिशवीच्या तोंडासारखी फुगवलेली, आणि एक डोळा मिटून त्या आत बघत होत्या. थोडं वाचायच्या, पुस्तक फिरवायच्या, मान वाकडी करून पुन्हा बघायच्या. सगळं कपाट त्यांनी असंच वाचलंय, अण्णा. घड्या कापल्या तर कुणीतरी वाचतंय हे दिसणार, आणि हे वाचत नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला आधी हसू आलं, मग त्या हसण्याचंच वाईट वाटलं. अक्कांनी मला पाहिलं. पुस्तक पदराखाली घेतलं. मी पापड न घेताच खाली आले.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्तानं दुकानात गेले आणि ह्यांना विचारलं. हे कापडाचा तागा तसाच हातात धरून म्हणाले, “ती पुस्तकं तुज्यासाठी न्हाईत. वहिनींसाठी हायत. दादा पुन्यास्नं येताना त्यास्नी आणायचा. तो गेल्यावर आई म्हणाली, आता कशाला, लोक काय म्हंतील. मग मी माज्या नावावर आणाय लागलो.” पुस्तकं निवडून कोण देतं, असं विचारलं. दुकानदार देतो, म्हणाले.

म्हणजे ज्या आवडीवर मी भाळले ती आवड पुण्याच्या दुकानदाराची, आणि पुस्तकं अक्कांची. माझं काय? ह्यांनी वाईट केलं असं मला म्हणता येत नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला देवमाणूस म्हटलं असतं. पण मला सांगायला काय झालं होतं? अक्कांनी तरी? दोघंही मला ह्या घरात पाहुणीसारखी ठेवून आपसांत गप्प होती. मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि अक्का माझ्याशी डोळा मिळवत नाहीत.

मला घेऊन जा. परत यायचं की नाही ते मला आज ठरवता येत नाही. वाटेत वाचायला कपाटातलं हाताला आलं ते एक पुस्तक बांधून घेतलं आहे. तेही ह्यांना न विचारता, अक्कांना तर नाहीच.

तुझ्या मायेला आत्ता खरं काम पडलं आहे.
तुझी,
गुणी


॥ श्री ॥
सातारा, ता. १२ सप्टेंबर १९४५

चि. सौ. गुणमाला हिस,
विजयमालेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी पत्र लिहीत नसते. भाऊजींकडून तुझा सांगलीचा पत्ता घेतला. भाऊजी जेवताना दुकानातल्या भांडणांची गोष्ट आता काढत नाहीत. सासूबाईंना वाटतं तू पर्युषणासाठी राहिली आहेस.

तू रागावलीस ते बरोबर आहे. भाऊजींनी पुस्तक माझ्या हातात कधी दिलं नाही, मी कधी मागितलं नाही. कपाटात ठेवायचे, मी काच पुसायला जायची. आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. तुला काय सांगायचं तेच सुचलं नाही. तू आलीस आणि भराभर घड्या कापायला लागलीस, तेव्हा मला आधी भीती वाटली आणि मग तुझा हेवा वाटला. तू मला मोठ्या बहिणीसारखं मानतेस आणि मी मनात असं आणते, ह्याची फार लाज वाटली.

म्हणून ठरवलं आहे. येत्या अनंत चतुर्दशीला मंदिरात जन्मभराचा नेम घेणार आहे, की पुराणाशिवाय दुसरं पुस्तक हातात धरणार नाही. देवासमोर घेतलेला नेम मोडत नाही, तेव्हा कुणाच्या मनात किंतु राहणार नाही. कपाट तुझं आहे. तू ये.

एक मागणं आहे. तू नेलेल्या पुस्तकात घर सोडून गेलेली मुलगी पुष्कळ वर्षांनी बापाच्या दारात येऊन उभी राहते. बाप दार उघडतो. तो काय बोलतो त्या चार ओळी घडीत, अगदी शिवणीपाशी आहेत. किती प्रयत्न केला, दिसल्या नाहीत. पुढच्या पानावर दोघं जेवायला बसलेली आहेत, म्हणजे तो चांगलंच बोलला असेल. दोन वर्षं मी स्वैपाक करताना तिथं वेगवेगळी वाक्यं घालून बघते. नेम घेण्याआधी तेवढ्या ओळी मला लिहून पाठव.

मनात अढी ठेवू नकोस. ठेवलीस तरी ये.
तुझी,
अक्का


॥ श्री ॥
सांगली, ता. १५ सप्टेंबर १९४५

ती. विजयमालाअक्का यांस,
गुणमालेचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि तीनदा उत्तर लिहून फाडलं. पहिल्यात मी तुमच्यावर रागावले होते, दुसऱ्यात ह्यांच्यावर, तिसऱ्यात स्वतःवर. चौथं हे. कुणावर रागवायचं ते मला अजून समजलेलं नाही. अण्णा म्हणतो, समजेपर्यंत मोटार चुकेल. म्हणून मंगळवारच्या मोटारीनं निघते आहे.

खरं सांगू? पुस्तकं ह्यांनी तुम्हाला आणली ह्याचं मला दुःख नव्हतं. लग्न झाल्यापासून मी एका वाचणाऱ्या माणसाची वाट बघत होते आणि ते माणूस माझ्या शेजारी बसून तांदूळ निवडत होतं, मला कुणी सांगितलं नाही, ह्याचं होतं. तुम्ही माझा हेवा केलात, मी तुमचा केला. फिटंफाट झाली.

सासूबाईंचं माझ्यावर सोडा. नवी सून पुस्तकवेडी आहे, विकत आणलेलं कपाट वाया जाऊ देणार नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगणार. मला त्या काय बोलायचं ते बोलतील आणि मग वाढतील. सगळ्या पुस्तकांच्या घड्या मी माझ्या हातानं कापणार आहे. कापलेलं पान कुणी वाचलं ते पानावरून कुणाला ओळखता येत नाही. आणि पुढं काय वाचायचं ते तुम्ही मला सांगायचं, पुण्याच्या दुकानदारानं नाही. ह्यांना तसं पत्र वेगळं लिहिलं आहे, त्यात मी ‘देवमाणूस’ हा शब्दही घातला आहे, तेव्हा ते आता जेवताना पुन्हा दुकानातली भांडणं सांगू लागतील.

राहिल्या तुमच्या चार ओळी. काल ती घडी कापली. बाप काय म्हणाला ते वाचलं आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ रडले. आईनं विचारलं काय झालं, तिला सांगितलं नाही. तुम्ही दोन वर्षं घातलेल्या वाक्यांत ते वाक्य नसणार, एवढं लिहून ठेवते.

त्या ओळी मी तुम्हाला लिहून पाठवणार नाही, अक्का. वाचून दाखवणारही नाही. चतुर्दशीला नेम घेतलात तर त्या तुम्हाला जन्मभर कळायच्या नाहीत, आणि माझा हट्ट केवढा आहे ते हवं तर अण्णाला विचारा. पुस्तक पिशवीत वरच ठेवलं आहे. पान उघडून तुमच्या हातात देईन. दोन्ही डोळ्यांनी वाचा.

मी येईपर्यंत मंदिरात देवापुढं बोलू नका, एवढी माया माझ्यावर करा.
तुमची धाकटी,
गुणमाला