तुलनात्मक लाभ आणि चंद्रभागावहिनींच्या कुरडया

१६ एप्रिल १९९४.
डंकेलच्या जागतिक व्यापार करारावर सह्या झाल्याचं पेपरात वाचलं. कॉलनीत सगळे उगाच घाबरलेत. अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून माझं काही कर्तव्य आहे. एक मेच्या कार्यक्रमात मुक्त व्यापारावर बोलणार. उदाहरण घरगुती हवं.

१८ एप्रिल.
उदाहरण सापडलं! आमच्याच गच्चीवर! आमची सौ. सविता आणि खालच्या मजल्यावरच्या चंद्रभागावहिनी दर उन्हाळ्यात कुरडया-पापड मिळून करतात. आधी आमचे, मग त्यांचे. गप्पाच जास्त. प्रचंड इनएफिशियन्सी! घड्याळ लावून बसलो. सविता दोन्हीत फास्ट. तरी तुलनात्मक लाभाच्या थिअरीप्रमाणे हिने फक्त पापड लाटावेत, वहिनींनी फक्त कुरडया घालाव्यात आणि अदलाबदल करावी. फायदा दोघींचा.

१९ एप्रिल, सकाळ.
वहिनींना समजावलं. तुम्ही दोन्हीत सविताच्या मागे आहात, पण कुरडयांत जरा कमी मागे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. यापेक्षा सोपं कोण सांगणार? वहिनी सिन्नरकडच्या. म्हणाल्या, लय शिकवलंत भाऊजी. पटलेलं दिसतंय.

२१ एप्रिल.
वहिनी गच्चीवर येत नाहीत. सविताशी बोलतही नाहीत. प्रोटेक्शनिझम! सुरुवातीला होतंच. सविता रडली. कॉलनीत तिची तेवढी एकच मैत्रीण.

२३ एप्रिल.
वहिनींचा गैरसमज दूर करायला गेलो. निरपेक्ष आणि तुलनात्मक लाभातला फरक आकृती काढून दाखवला. त्यांनी दार लावून घेतलं.

२६ एप्रिल.
सविताने एकटीनेच कुरडयांचा चीक शिजवायला घेतला. एकीने ओतायचा, दुसरीने ढवळायचा असतो म्हणे. दुसरी मी. मध्येच चष्मा पुसायला थांबलो. गुठळ्या झाल्या. सगळा चीक गाईला. सविता पातेलं घासायला बसली. लाज वाटली. तात्पुरती असावी.

३० एप्रिल.
लाज जात नाही. वहिनींच्या दारात जाऊन चुकलो म्हणालो, आकृतीशिवाय. त्या म्हणाल्या, सविताला पाठवा, पण तुम्ही गच्चीवर पाय नाय ठेवायचा. कबूल केलं.
रात्री जेवताना सविता म्हणाली, मी दोन्हीत चांगली आहे हे इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नाहीत. सांगितलंत ते वहिनींना.
खरंच नव्हतं सांगितलं.

१ मे.
प्रकृतीचं कारण देऊन भाषण रद्द केलं. आज सविताला सांगायचंच, असं ठरवलं होतं. पण ती सकाळपासून गच्चीवर आहे. दोघींचं हसणं ऐकू येतंय, बहुधा माझ्यावरच. मी जिन्यात उभा. वर जायला मला बंदी आहे.