तोंडपाठ गणित

उस्मानाबाद,
ता. २० जानेवारी १९४४

चि. अनसूयेस,

आत्याचे आशीर्वाद. इथं ठीक. शाळेत मुली खोकतात, मी ओरडते, दोन्ही चालू आहे. तिळगूळ हैदराबादेत पोचला असेल. कडक झालाय म्हणून कुरकुरू नकोस.

सहामाहीत गणितात नापास झालीस, ते कळलं. रडून झालं असेल तर पुढचं वाच.

दिवाळीत तू तुळजापूरच्या ओसरीत येरझारा घालत वर्तुळाची सिद्धता म्हणायचीस आणि अण्णा तुमच्या कॉलेजचं उर्दू गणिताचं पुस्तक धरून, संथा तपासावी तसे तपासायचे. परीक्षेत वर्तुळ तेच आलं. फक्त आकृती फिरवलेली, अलिफ-बेच्या जागी दुसरी अक्षरं. तू तिथंच थांबलीस.

काल अण्णा इथं आले होते. त्यांना अजून उमगलेलं नाही.

"वने, पोरगी घडाघडा म्हणत होती की! एक अक्षर चुकलं नाही. त्या मास्तरला उगं अक्षरं बदलायची काय अवदसा आठवली?"

"अण्णा, गणित म्हणजे आरती नव्हे."

"मग कॉलेजात घाल म्हणून मागं लागलीस तेव्हाच सांगायचंस!"

तर आता रीत बदल. सिद्धता वाच, पुस्तक मिट, आकृती आपली आपण काढ. फिरवून, अक्षरं बदलून काढ. प्रत्येक पायरीला 'का?' विचार. सुचलं नाही तर लगेच मैत्रिणीकडं धावू नकोस. अडकून बस. ते बसणं म्हणजेच अभ्यास. आणि गणित रोज करायचं, परीक्षा तोंडावर आल्यावर नव्हे.

एवढं लिहिणं सोपं होतं. बाकीचं टाळत होते.

अण्णा नुसते विचारपूस करायला आले नव्हते. तुला परंड्याचं स्थळ चालून आलंय, फाल्गुनात लग्न उरकायचं म्हणतात. "तुझं ती ऐकते. परत ये म्हणून तूच लिही. नाही लिहिलंस तर भाऊ मेला समज." पाणीही न घेता गेले. मला भाऊ एकच.

वार्षिक परीक्षेत तू पास होशील, अशी हमी मी त्यांना दिली नाही. तुलाही देत नाही. तुला काय लिहिलं, ते मात्र त्यांना आजच वेगळ्या चिठ्ठीनं कळवलं आहे.

येऊ नकोस.

तुझी आत्या, आणि त्यांनी मानलं न मानलं तरी अण्णांची बहीण,
वनमाला